पनीएल की पनूएल

४ सप्टेंबर

चि. रंध्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

अकरा वर्षांनी तुझे पत्र आले. ख्यालीखुशालीचा शब्द नाही. नव्या घराच्या दारावर पनीएल कोरावे की पनूएल, एवढीच पृच्छा. सुताराला साजेसे पत्र, तासून गुळगुळीत केलेले!

बायबलात लागोपाठच्या दोन ओळींत ही दोन रूपे येतात, आणि दोन्ही खरी आहेत. अर्थ एकच : देवाचे मुख. याकोब रात्रभर त्या अनोळखी पुरुषाशी झुंजला, पहाटे आशीर्वाद मिळवून लंगडत निघाला, आणि देवाचे मुख पाहूनही जीव वाचला म्हणून त्या जागेला त्याने हे नाव ठेवले. मूळ भाषेत 'मुख' हा शब्द नेहमी अनेकवचनी येतो. माणसाला एकच तोंड नसते, हे त्या लोकांना ठाऊक असावे. मात्र उंबरा ओलांडताना रोज लंगडणे आठवावे, असे नाव तुला का हवे, ते उमगले नाही.

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. लवकरच एका डोळ्याची शस्त्रक्रिया होईल. यापुढे ठळक लिही. तुझे अक्षर म्हणजे सांडलेला भुसा.

लोभ होता तेवढा तरी असावा.
ताई

१२ सप्टेंबर

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

सुतारी पेन्सिलीने लिहितो आहे, म्हणजे दिसेल. लहानपणी मी अध्याय अर्धवट सोडला की तू कान पिळायचीस. आता तूच लंगडण्यापाशी थांबलीस. पान उलट. पुढे याकोबाला दुरावलेला भाऊ भेटतो, आणि तुझे मुख पाहणे म्हणजे देवाचे मुख पाहण्यासारखे, असे तो त्याला म्हणतो. नाव मला त्यासाठी हवे आहे.

बाबांच्या मातीला मी पोचलो नाही. दुसऱ्या दिवशी आलो, तेव्हा चारचौघांसमोर तू बजावलेस की पुन्हा तोंड दाखवू नकोस. जन्मात तुझी एवढी एकच आज्ञा पाळली. उशीर का झाला ते तू विचारले नाहीस, मी सांगितले नाही. बाबांची शवपेटी मी स्वतः करत होतो. झाकणाला रंधा मारतच बसलो, मनासारखे होईना. गाडीवर घालून ती आणली, तोवर दुकानातल्या पेटीत तुम्ही त्यांना निरोप दिला होता. गाडी वळणावरूनच परत नेली.

दारावरची फळी त्याच झाकणाची आहे. प, न, ए, ल कोरून झाले. 'न'ला वेलांटी द्यायची की उकार, ते तू ठरव.

लोभ नसेल तर कान तरी पिळावा, ही विनंती.
रंध्या

१९ सप्टेंबर

चि. रंध्यास,
अ. आ. वि. वि.

पत्र कोणाकडून वाचून घेतले नाही. भिंग लावून दोन दिवसांत स्वतः वाचले.

पान उलटायचे मी विसरले नव्हते. त्याच पानापाशी अकरा वर्षे अडले होते. चारचौघांसमोर बोललेला शब्द चारचौघांसमोरच मागे घ्यावा; पण त्यांतले आता कोणी उरले नाही, म्हणून इथे घेते. विचारायला हवे होते. चूक माझी.

वेलांटी की उकार, ते बाबांच्या फळीवरून हात फिरवल्याखेरीज सांगणार नाही. गुरुवारी शस्त्रक्रिया आहे. शुक्रवारी सकाळी दहाला पट्टी निघेल. फळी घेऊन ये आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बैस.

लोभ असावा, असे या खेपेस लिहीत नाही. तोंड दाखव.
ताई