३२ नंबरचे नाव मी विसरले नव्हते

मी, टेस लोरेन हॅकवर्थ, वय एकोणतीस, राहणार पॉप्लर गल्ली, लार्किन, राज्य केंटकी, काम शाळेत गणित शिकवणे व तिथल्या मुलींचा बास्केटबॉल संघ तयार करणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीवर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, शंभरातले सत्त्याण्णव सुखरूप घरी जातात. शंभरात सत्त्याण्णव फ्री थ्रो, म्हणजे रेघेवरून कुणी न अडवता मारायचे चेंडू, जाळीत घालणारा खेळाडू नेमका शेवटचा चुकवताना मी पाहिलेला आहे, म्हणून लिहून ठेवते.

मी पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. मी रागात आहे, हे मात्र लपवत नाही. वकील स्टिडम यांना मी तसे विचारून घेतले. ते म्हणाले, "बाई, रागात लिहिलेलं मृत्युपत्र कायद्याला चालतं. नाहीतर निम्मी रद्दच झाली असती." यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास ते रद्द समजावे.

कलम १. पॉप्लर गल्लीतले घर मला आईकडून मिळाले. ते ओपल मावशीला जावे. मी अकरा वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून मावशीनेच मला सांभाळले. मागच्या दाराचे कुलूप उलटे फिरते, हे तिला माहीत आहे, तरी लिहिते. दारापुढच्या सिमेंटवर डॅडींनी रंगवलेली फ्री थ्रोची रेघ आहे. आठवी संपेपर्यंत मी शाळेत गेले नाही. वाचायला आईने शिकवले, गणित त्या रेघेवर झाले. दहातले सात चेंडू जाळीत गेले म्हणजे सात दशांश, पंधरातले नऊ गेले म्हणजे तीन पंचमांश. आई गेल्यावर डॅडी मला संघाच्या बसमधून गावोगावी नेऊ लागले आणि भूगोल खिडकीतून झाला. ती रेघ ठेवायची की खरवडून काढायची, ते मावशीने ठरवावे. मी तीनदा खरवडायला गेले आणि तीनदा परत आले.

कलम २. बँकेत जे असेल तेही ओपल मावशीचे. तिने ते चर्चच्या छपराला न देता स्वतःच्या दातांवर खर्च करावे. तोंडी सांगून ती ऐकत नाही, म्हणून इथे लेखी सांगत आहे.

कलम ३. माझी शिट्टी, सेकंद मोजायचे घड्याळ, डाव काढायची पाटी आणि सामन्यांच्या चित्रफिती माझ्या जागी मुलींना शिकवायला जी कुणी येईल तिला द्याव्यात. अट एकच. दुखऱ्या पायाच्या मुलीला मैदानात उतरवायचे नाही. मुलगी रडली तरी नाही, तिच्या आईने विनवले तरी नाही. ही अट मोडली तर वस्तू परत घ्याव्यात. कुणी घ्याव्यात ते मला सुचत नाही, पण घ्याव्यात.

कलम ४. माझे वडील रॉयस हॅकवर्थ, केल्डन कॉलेजचे एकतीस वर्षे मुख्य प्रशिक्षक, यांना मी काहीही देत नाही. त्याचे कारण देणे मला भाग आहे, आणि आधी त्यांना न्याय देणेही.

पहिल्या वर्षी ते सत्तावीसपैकी तेवीस सामने हरले. तेव्हा बस तेच चालवत आणि संघाचे कपडे आमच्या घरी धुतले जात. एकतीस वर्षांत ६१२ सामने जिंकले आणि अकरा वेळा गटाचे अजिंक्यपद आणले. खाणीच्या वस्त्यांत, जिथे दुसरा कुणी प्रशिक्षक जात नसे, तिथे ते जात. ओसरीवर बसून बीन्स आणि मक्याची भाकरी खात आणि मुलाच्या आईला म्हणत, "मॅम, तुमचा मुलगा मी माझा म्हणून नेतोय, आणि नेला तसा परत आणीन." कॉर्डेल पिकेटच्या आईला हा शब्द दिला तेव्हा मी तिथे होते. मी बारा वर्षांची होते आणि तिने मला दुसऱ्यांदा भाकरी वाढली.

जिममध्ये मी त्यांना 'कोच' म्हणत असे आणि घरी 'डॅडी'. घरी ते फारसे नसत.

कलम ५. माझ्याकडे एक निळे कार्ड आहे. ते कॉर्डेल पिकेट, टायरचे दुकान, मिल रोड, यांना द्यावे. हे कलम लांब होईल.

प्रत्येक सामन्याआधी डॅडी खेळाडूंचे नंबर आणि नावे अशा कार्डावर लिहून मला देत. मी ती संघाच्या स्कोअरबुकात उतरवून, सामना सुरू व्हायच्या दहा मिनिटे आधी, पंचांच्या टेबलावर नेत असे. नियम असा की त्यानंतर नाव वाढवले तर टेक्निकल फाउल लागतो आणि समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो मिळतात. चार वर्षांत माझ्या हातून एकही नाव चुकले नाही.

मार्च २००५ मध्ये गटाची अंतिम फेरी होती. मी पंधरा वर्षांची होते. त्या दिवशीच्या कार्डावर '३२ पिकेट' या ओळीवर आडवी रेघ होती आणि शेजारी डॅडींच्या अक्षरात लिहिले होते, 'गुडघा. डॉ. नाही म्हणतात.' मी ३२ सोडून बाकी नावे उतरवली. कॉर्डेल मात्र संघाचे कपडे घालून बाकावर बसला होता. त्याला वाटत होते, गुडघ्याला नुसती सूज आहे, गरज पडली तर खेळायचे. त्याला डॅडींनी तेवढेच सांगितले होते.

सात मिनिटे उरली असताना आम्ही नऊ गुणांनी मागे होतो. डॅडी टेबलाजवळ आले.

"३२ लिही."

"डॅडी, पण डॉक्टर—"

"जिममध्ये मी कोण?"

"कोच."

"मग लिही."

मी लिहिले. शिट्टी वाजली. समोरच्या संघाने दोनपैकी एक फ्री थ्रो घातला. कॉर्डेलने सहा मिनिटांत तेरा गुण केले. चाळीस सेकंद उरले असताना तो उडी मारून खाली आला आणि त्याच्या गुडघ्याचा आवाज मी टेबलावर बसून ऐकला. आम्ही एका गुणाने जिंकलो. शिडी आली, पोरांनी जिंकल्यावरच्या रिवाजाप्रमाणे बास्केटच्या जाळीचा एकेक धागा कापला, उरलेली जाळी डॅडींनी गळ्यात घातली. तशी गळ्यात घालूनच ते वार्ताहरांपुढे गेले. कुणीतरी टेक्निकल फाउलबद्दल विचारले. डॅडी हसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "काय सांगू! आमची पोरगी. घाबरली, आणि सगळ्यांत चांगल्या पोराचंच नाव लिहायला विसरली!"

सगळे हसले. मीही हसले.

तेव्हापासून ती गावाची लाडकी गोष्ट झाली. वर्गात पोरे विचारत, "टेस, पेपरावर स्वतःचं नाव लिहिलंस ना?" दुकानात म्हातारे म्हणत, "यादी करून आलीस का गं बाळ, की विसरलीस?" आजही मी घराबाहेर पडताना शेगडी तीनदा बघते. पण माझे हसे झाले, हे माझे खरे गाऱ्हाणे नाही. नाव विसरले असे म्हटले की ते यादीत असायला हवे होते असा अर्थ होतो, आणि मग डॉक्टरांनी काय सांगितले होते हे कुणी विचारत नाही. चौदा वर्षांत कुणीही विचारलेले नाही. कॉर्डेल पुन्हा खेळला नाही. तो सगळ्यांना सांगतो, "मीच वाकडा उतरलो."

यंदा २३ फेब्रुवारीला कॉलेजने मैदानाला डॅडींचे नाव दिले. चार हजार माणसांपुढे त्यांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली, माझ्याकडे बोट दाखवून. मग कॉर्डेलला मंचावर बोलावले. तो लंगडत पायऱ्या चढला आणि हसला.

दुसऱ्या दिवशी मी डॅडींच्या स्वयंपाकघरात जाऊन विचारले.

"कार्डावर काय लिहिलं होतं ते आठवतं का तुम्हाला?"

"कसलं कार्ड?" ते कॉफी ढवळत होते.

"ते माझ्याकडे आहे."

चमचा थांबला. "अगं, हसण्यावारी न्यायची गोष्ट ती. जिंकलो ना आपण? आणि वीस वर्षांच्या पोराला विचारलं असतं, तर तोच म्हणाला असता, कोच, मला उतरवा."

"मग विचारलं का नाहीत?"

ते चमचा बशीत ठेवून उठले. नंतर शांतपणे म्हणाले, "नाव कुणी लिहिलं, टेस? हात तुझा होता."

हे खरे आहे. म्हणून इथे नोंदवते. पण पंधरा वर्षांच्या मुलीचा हात पुढे करून मागे लपणारा माणूस मैदानाला नाव द्यायच्या लायकीचा नाही, हेही नोंदवते.

सदर कार्ड आईच्या शब्दकोशात, 'क'च्या पानांत आहे. माझ्या मृत्यूनंतर ते कॉर्डेलच्या हातात द्यावे, डॅडींच्या करंडकांच्या काचेच्या कपाटात जाऊ देऊ नये.

कलम ६. माझ्या अंत्यविधीला माझ्या वडिलांनी यावे. पुढच्या रांगेत बसावे. बोलू नये. ते बोलायला उठले तर ओपल मावशीने भजन सुरू करावे. तिचा आवाज कुणालाही खाली बसवतो.

कलम ७. हे कलम मंगळवारी संध्याकाळी लिहीत आहे. कलम ५ मधली कार्डाची देणगी मी रद्द करते. बाकीचा मजकूर तसाच राहावा.

कारण असे. स्टिडम यांनी आज सकाळी मसुदा वाचला आणि दोन साक्षीदार आणायला सांगितले. "ज्याला यातून काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही," ते म्हणाले. "मावशी नको, हा पिकेटही नको." मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, "आणि एक सांगा, गुरुवारी सगळं ठीक झालं तर ह्या कार्डाचं काय?"

मी म्हटले, "तर ते शब्दकोशात राहील."

हे वाक्य मी मोठ्याने बोलले आणि मलाच ऐकू आले. मी जगले तर कॉर्डेलला काही कळणार नव्हते. डॅडी माझ्या हाताआड लपले, आणि मी माझ्या मरणाआड लपायला निघाले होते. मी घरी जाऊन कार्ड काढले आणि मिल रोडला गेले.

"काय गं, कोचच्या लेकीची गाडी पंक्चर?" कॉर्डेल म्हणाला.

"नाही. हे घे."

त्याने आधी फडक्याने हात पुसले. मग वाचले. पुन्हा वाचले.

"हे कोचचं अक्षर."

"हो."

"कधीचं?"

"त्याच दिवशीचं. सामना सुरू व्हायच्या आधीचं. मी विसरले नव्हते, कॉर्डेल. तुझं नाव लिहायचंच नव्हतं."

तो रचलेल्या टायरांवर बसला. "मला म्हणाले, सूज आहे, बर्फ लाव." त्याने '३२'वरच्या रेघेवरून अंगठा फिरवला. "चौदा वर्षं मी ती उडी मनात मारतोय, टेस. दरवेळी सरळ उतरायला बघतो. बायको म्हणते, झोपेत पाय झाडतोस."

त्याने कार्ड माझ्यापुढे धरले.

"आणि तू हे इतकी वर्षं ठेवलंस? मला कधी देणार होतीस?"

मी मृत्युपत्राचे सांगितले. तो हसला, पण समारंभात हसला होता तसा नाही. "म्हणजे तू मेलीस तर मला कळणार! वा! बापाची लेक शोभतेस खरी."

हे वाक्य मी पुसून टाकणार नाही. मला ते लागू आहे.

कार्ड आता त्याचे आहे. जे माझे नाही ते मी मृत्युपत्राने देऊ शकत नाही. तो त्याचे काय करील, हे मी विचारलेले नाही.

निघताना मी त्याला साक्षीदार होशील का असे विचारले. हे विचारणे योग्य होते की नाही, मला ठरवता आले नाही.

"त्यात मला काही आहे?"

"आता काही नाही."

"नक्की? तीनदा बघितलंस?"

"चारदा."

"बरं, येतो उद्या. पण माफ केलं असं समजू नकोस. सही वेगळी."

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. तो बरोबर आहे. ठिकाण: शाळेचे वाचनालय, लार्किन. बुधवार, १३ मार्च २०१९.

(सही) टेस लोरेन हॅकवर्थ

साक्षीदार पहिली: टेसने माझ्यासमोर, शुद्धीवर असताना सही केली. सहीआधी तिने प्रत्येक पान चारदा वाचले, पण ती मुलांचे पेपरही तसेच तपासते.
(सही) मर्टिस गॅबार्ड, ग्रंथपाल

साक्षीदार दुसरा: सही माझ्यासमोर झाली. मला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. माझं होतं ते काल मिळालं, चौदा वर्षं उशिरा. आज इथून सरळ कोचच्या घरी जाणार आहे. टेस गाडीत सोबत येते म्हणाली. मी नको म्हटलं, मग हो म्हटलं.
(सही) कॉर्डेल पिकेट