दुसऱ्या वाटेनं जा

लोधीपुरा, बऱ्हाणपूर

देवराम,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. काल माझ्या ओट्यावर बसून तू म्हणालास, "जीजी, भानगड झाली. धर्मेंद्र त्या दुपारी तुझ्याकडे जेवत होता, एवढंच पोलिसांना सांग. नाहीतर तुझं माहेर संपलं."

भानगड नाही, त्याला बलात्कार म्हणतात.

तुझी बायको मालूबाई म्हणते, "पोरगी एकटी केळीत गेलीच कशाला?" अरे, तुमच्याच बागेत मजुरीला गेली होती ती!

चूक माझीही आहे. दोन वर्षांमागे त्याच पोरीची, रंजिताची आई माझ्याकडे रडत आली होती. तुझा मुलगा धर्मेंद्र पोरीच्या मागे मागे येतो म्हणाली. मी मोठी शहाणी, म्हटलं, "तिला दुसऱ्या वाटेनं पाठव." पोरगी फेरा घालून जाऊ लागली. तिची आई रडत होती तेव्हा धर्मेंद्र माझ्याच घरात शेवभाजी खात बसला होता. त्याला मी आणखी पोळी वाढली, पण एका शब्दानं टोकलं नाही. तुला सांगितलं, तर तू हसलास. "जवान पोरगा आहे, चालायचंच." वाट आपलीच आहे, हे त्याला आपण शिकवलं.

हे गेल्यापासून अकरा वर्षं माहेराच्या जोरावर काढली. ते तुटणार, हे कळतं मला. तरी आज सकाळी ठाण्यात जाऊन सांगून आले की धर्मेंद्र त्या दुपारी माझ्याकडे नव्हता.

हे पत्र टाकत नाही. तू फाडशील. माझा जबाब तुला फाडता येणार नाही.

तू म्हणशील तोवर तुझी बहीण,
कमल