केळ्यातली गोळी आणि झोपलेले उंदीर

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कागदावरचा नमस्कार मोजला जात नाही असं तू म्हणतेस, म्हणून आधी उठून तुझ्या घराच्या दिशेने खराच घातला. खोलीतल्या मैत्रिणीला वाटलं, माझं काहीतरी पलंगाखाली गेलंय.) तुझे गुडघे कसे आहेत? शिवणयंत्र अजून कुरकुरतं का? मांजर काय म्हणते? मी बरी आहे, वेळेवर जेवते.

बाबांकडून कळलं, की माझं नाव निघालं की तू विषय बदलतेस. घरातली पहिली पदवीधर म्हणून जी माझा फोटो साऱ्या गल्लीला दाखवत फिरली, तिनेच आता "ती उंदीर मारायला गेली" एवढं सांगून गप्प बसावं, हे मला लागलं. (तुझ्या मांजरीने आजवर जे उंदीर मारले, त्याला कोणत्या समितीची परवानगी होती, हे मी विचारत नाही.) आमच्या संशोधन केंद्रात नवी औषधं माणसांना देण्याआधी उंदरांवर तपासतात, हे खरंच आहे. पण माझं काम माणसांशी: आत काय चालतं ते बाहेरच्यांना नीट सांगायचं. ते मी कसं सांगितलं, ते एकदा ऐक आणि मग हवं तर विषय बदल.

परवा आम्ही केंद्राचं दार पहिल्यांदाच लोकांसाठी उघडलं. आमचे संचालकसाहेब भला माणूस, पण लोकांना वाईट वाटू नये याची त्यांना इतकी काळजी, की दाखवायच्या खोलीतले सगळे उंदीर त्यांनी आधीच आतल्या खोलीत हलवले, पिंजरे घासूनपुसून मांडले आणि भिंतीवर एका हसऱ्या उंदराचं मोठं चित्र लावलं. (उंदीर हसत नाहीत. मी सांगून पाहिलं होतं.) लोक आले. त्यांनी रिकामे, चकचकीत पिंजरे पाहिले, हसरा उंदीर पाहिला आणि सकाळीच सगळ्यांचा निकाल लागला अशी आपली समजूत करून घेतली. एक निवृत्त शिक्षिकाबाई तर त्या चित्रापुढे हात जोडून उभ्या राहिल्या.

साहेबांनी मला पुढे ढकललं. मी सगळ्यांना बोळातल्या काचेच्या खिडकीपाशी नेलं (आत सोडत नाहीत, आपल्या जंतूंनी उंदीर आजारी पडायचे) आणि ऐटीत म्हटलं, की बघा, सगळे धडधाकट आहेत. उंदीर दिवसा झोपतो, हे पुस्तकात वाचलेलं नेमकं तेव्हा कुठे आठवणार. कागदाच्या कपट्यांत सगळे आडवे पडलेले, एकाची शेपटी हलेल तर शपथ. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अच्छा, म्हणजे इथे आणून ठेवलेत."

बऱ्याच वेळाने एक उठला, कान खाजवला, शेजाऱ्याच्या तोंडावरून चालत गेला आणि पुन्हा झोपला. घरचंच कुणी शुद्धीवर आल्यासारखा लोकांनी सुस्कारा सोडला. साहेबांनी संधी साधून चहा आल्याचं जाहीर केलं. तेवढ्यात शिक्षिकाबाईंनी विचारलं, "आणि काम झालं की यांचं काय करता?"

साहेब लोकांच्या मागून मला मानेनेच 'नको' म्हणत होते. आणि आत्या, मला केळं आठवलं.

लहानपणी, आईबाबा कामावर जायचे म्हणून तापात मला तुझ्याकडे ठेवलं होतं. मी चिंध्यांच्या गाठोड्याला टेकून बसायचे. यंत्राच्या तेलाचा आणि नव्या कापडाचा तो वास अजून कुठे आला, की माझा हात आपोआप कपाळाकडे जातो, ताप बघायला. तू गोळी केळ्यात लपवलीस, "गोड आहे" म्हणालीस आणि मी ती कचकन चावली. मग केळं सुटलं, मग मी भात चिवडून बघायला लागले, दुधात चमचा घालून तळ शोधायला लागले. तुझ्या हातचं पाणीसुद्धा आधी उजेडात धरून बघायचे. दुसरी कुणी असती तर नाक दाबून गोळी घातली असती. तू यंत्राचं चाक थांबवलंस, माझ्यासमोर जमिनीवर बसलीस आणि गोळी उघड्या तळहातावर ठेवलीस. म्हणालीस, "कडू आहे. खूप कडू. का घ्यायची ते सांगते, मग तू ठरव." आणि हात तसाच पुढे धरून थांबलीस. दारात गिऱ्हाईक ताटकळत होतं, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मी घेतली. (केळं अजून खात नाही, ते वेगळं.)

तर मी बाईंना सांगितलं, की शेवटी त्यांना मारावं लागतं. वेदना होऊ नये याची काळजी घेतो, पण मारावं लागतं. दुसऱ्या मार्गाने काम होत असेल तर प्रयोगांना परवानगी देणारी समिती उंदीर वापरू देत नाही, त्या समितीत बाहेरचं माणूसही असतं, हे सांगितलं. आणि आम्ही अजून कुठे कमी पडतो, तेही. काही जण चहा न घेताच निघून गेले. बाकीचे विचारत राहिले, चहाचं पार पाणी झालं. शिक्षिकाबाई म्हणाल्या, पटलं नाही, पण पुन्हा येईन. साहेब दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र स्वतः स्टुलावर चढून त्यांनी हसरा उंदीर उतरवला.

गुडघ्यांना जप.

तुझी भाची

ता. क. गुडघ्यांची चौकशी मनापासून आहे, पण पत्र त्यासाठी नाही. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा दार उघडतोय. तू ये. नाही पटलं तर मला तोंडावर सांग, बाबांमार्फत नको.

आणखी ता. क. मांजर आणू नकोस. तिचा या कामातला अनुभव मोठा आहे, पण समितीपुढे ती टिकायची नाही.

शेवटचं. त्या दिवशी लोकांनी पुष्कळ विचारलं, पण तू आल्या आल्या जे विचारलं असतंस, ते कुणीच विचारलं नाही: तुला वाईट वाटतं का? वाटतं. कडू आहे, आत्या, खूप कडू. का घ्यायची ते सांगेन, मग तू ठरव. तोवर मी हात पुढे धरून बसले आहे.