सहावा ठोका

माहुल, चेंबूरच्या पुढे,
बर्फाच्या कारखान्यामागची खोली,
ता. १९ ऑक्टोबर १९५६

तीर्थरूप गुणाजीमामांच्या पायांशी भाचा सहदेव याचा आडवा पडून नमस्कार. (लांबूनच घालतो, कारण जवळ आलो तर तुम्ही आधी छत्री मागाल. छत्रीचं पुढे सांगतो.) तुमचा गुडघा कसा आहे? शेवंतीमामींचा दमा? लाल गाय व्यायली का, आणि व्यायली असल्यास या वेळी तरी पाडी झाली का? माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त दोन्ही तळहातांना फोड आलेत आणि उजवा खांदा वर जात नाही, म्हणून ओळी खाली घसरत गेलेल्या दिसतील. त्याचंही कारण पुढे येतंय. अडीच वर्षांत चार शब्द टाकले नाहीत हे खरं, पण पत्र लिहायला माणसाला एका जागी बसावं लागतं, आणि मी बसत नाही हे सातवीच्या मास्तरांनी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं.

तुमच्या घरातून न सांगता निघालो तो आधी बोरिवलीला एका तबेल्यात राहिलो. मग अंधेरीला सिनेमाच्या स्टुडिओत दिवे उचलले (एकदा तर भालदार म्हणून दरबारात उभा केला होता, पण महाराज बोलायला लागले आणि मला शिंक आली). मग मुलुंडला मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. छत्री मुलुंडलाच गेली. एका म्हातारीला उन्हात स्टेशनापर्यंत जायला दिली. ती पोचली असावी, छत्री परत आली नाही. अशा आणखी सात-आठ जागा झाल्या. सगळीकडे जेवायला मिळालं, माणसंही वाईट नव्हती, पण मामा, झोप लागेना. डोळा लागायचा आणि तासाभरात टक्क उघडायचा, जसं काही कोणी हाक मारायचं थांबलंय. दोन महिने झाले की मी गाठोडं बांधायचो. लोक म्हणायचे याच्या पायाला भिंगरी आहे. मलाही तेच वाटायचं.

गेल्या माघात कांजूरमार्गहून भुशाच्या लॉरीवर बसून इकडे आलो. (बर्फाच्या लाद्या भुशात पुरून ठेवतात, नाहीतर बाजारात पोचेपर्यंत नुसतं गोणपाट उरतं.) पोती उतरवली, एका पोत्यावर टेकलो, आणि जागा झालो तो संध्याकाळ होती. लॉरी गेली होती. समोर कारखान्याचे मालक श्यामकांतशेठ कमरेवर हात ठेवून उभे होते. ते मुकादमाला म्हणाले, ‘‘या इंजिनाशेजारी दहा मिनिटं उभं राहिलं तर माझे दात हलतात, आणि हा पाच तास झोपलाय! ठेवून घ्या याला.’’ इतक्या वर्षांत झोपेवर मिळालेली ही माझी पहिलीच नोकरी.

आता इंजिनाचं सांगतो. ते पाणबुडीचं आहे. थट्टा नाही. लढाई संपल्यावर एक जुनी डिझेलची पाणबुडी दारूखान्याच्या धक्क्यावर मोडायला आली, तिचं इंजिन शेठनी भंगारातून उचललं. कारखान्याला लागतं त्याच्या चौपट मोठं आहे, त्यामुळे ते चाललं की बर्फ होतो आणि शेजारच्या कोळीवाड्यातली फडताळंही उघडतात. सहा सिलिंडर आहेत, त्यातला सहावा आजारी. पाच ठोके नीट पडतात, मग जरा गप्प. इतकं गप्प, की आता मेलं असं वाटावं. आणि मग सहावा येतो तो शिट्टी घालून. मामा, रागावू नका. पण त्या पोत्यावर डोळे मिटले तेव्हा मी तुमच्या ओटीवर होतो. लहानपणी तुमच्या शेजारी झोपायचो तेव्हा तुमची पाच घोरणी झाली की मी श्वास धरून सहाव्याची वाट बघायचो. आई गेली, बाबा गेले, आता मामा पण गेला, असं दर सहाव्याला वाटायचं. मग तुम्ही शिट्टी घालायचात आणि मला झोप लागायची. मामी कानात कापूस घालायच्या. मी कधी घातला नाही.

आठ महिने इथे टिकलो. इतका मी शाळेतही टिकलो नव्हतो. आणि या इंजिनापायी दोन म्हातारे भेटले. एक धाकूकाका, वेंगुर्ल्याकडचे, कारखान्यालगतच्या खोपटात एकटे राहतात. हे लढाईत सिलोनला त्रिंकोमालीच्या गोदीत फिटर होते, म्हणजे तुम्ही जिथे ऑइलमन होतात तिथेच. मी तुमचं नाव घेतलं तर हातातला पाना खाली पडला. ‘‘गुणाजी? जितो आसा काय मेलो?’’ तेव्हापासून रोज एकदा विचारतात की गुणाजीचं काही पत्र? मी रोज सांगतो, पोस्टाचा घोटाळा आहे. (त्या घोटाळ्याचं नाव सहदेव, हे त्यांना माहीत नाही.) दुसरे चेंबूरचे शरच्चंद्रराव. त्यांनी आयुष्यात पाना धरला नाही. ते त्याच गोदीत स्टोअरमध्ये कारकून होते, पण कुठल्या पाणबुडीच्या इंजिनाचा नंबर काय, हे आजही घडाघडा म्हणतात. दर रविवारी धुतलेलं धोतर नेसून, डब्यात शिरा घेऊन येतात. धाकूकाका म्हणतात हे तेच इंजिन, ज्यावर मी आणि गुणाजीने रात्रंदिवस काम केलं. शरच्चंद्रराव म्हणतात नंबर जुळत नाही. यावर आठ महिने भांडण चाललंय आणि शिरा संपतोय.

त्यांचा एक रिवाज आहे. रविवारी दुपारी साफसफाईसाठी इंजिन थांबलं की धाकूकाका ‘‘बुडी!’’ म्हणून ओरडतात आणि शेडचं दार लावून घेतात. कारण पाणबुडी पाण्याखाली गेली की डिझेल बंद, दार बंद, बोलणं बंद. मग दोघं म्हातारे अंधारात पाच मिनिटं मांडीवर हात ठेवून बसतात. मीही बसतो. काही होत नाही. तेलाचा वास येतो, कुणाच्या तरी पोटात गुरगुरतं. पण मामा, त्या पाच मिनिटांत कोणी कोणाला सोडून जाणार नाही असं वाटतं, कारण जाणार कुठे? बाहेर पाणी.

आता माझ्या हातून काय झालं ते. हे इंजिन दांडा फिरवून सुरू होत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं, पण मामींना वाचून दाखवाल म्हणून लिहितो. शेजारी माणसाएवढी लोखंडी बाटली असते, तिच्यात दाबून भरलेली हवा. ती सोडली की इंजिन पहिली गिरकी घेतं. आणि बाटली भरतं कोण? इंजिनच. खंडेनवमीला इंजिन थांबवलं, धुतलं, झेंडूची माळ घातली. धाकूकाकांनी कुठूनसा पितळी भोंगा आणून बाटलीवर बसवला होता, बुडीच्या आधी वाजतो तसा. म्हणाले, झिला, एकदा वाजव. मी वाजवला. शरच्चंद्रराव म्हणाले, खरा याहून लांब वाजायचा. मी लांब वाजवला. कोळीवाड्यातली पोरं जमली, त्यांच्यासाठी वाजवला. मग आरती झाली, आणि आरतीला घंटा नव्हती. बाटलीतल्या हवेच्या काट्यावर नजर ठेवायचं काम माझं, पण काट्याकडे पाठ करूनच भोंगा वाजवता येतो.

मग बुडी झाली. पाच मिनिटं बसलो. धाकूकाकांनी दार उघडून हवा सोडायची दांडी ओढली. इंजिन ‘फुस्स’ म्हणालं.

‘‘मेल्या, हवा खंय गेली?’’

मी म्हटलं, ‘‘वाजली.’’

बाटलीला हाताने हवा भरायचा एक पंप होता, दोन माणसांनी ओढायचा. तो आम्ही अडीच दिवस ओढला. धाकूकाका ओढायचे, मी ओढायचो, शरच्चंद्रराव धोतर खोचून एकदा ओढायला आले आणि अकरा मोजून खाली बसले. कोळ्यांच्या होड्या बर्फासाठी बंदराला खोळंबल्या, त्यांनी आमच्या सात पिढ्यांची चौकशी केली आणि मग तेही ओढायला लागले. तोवर साठ्यातला बर्फ गटाराने खाडीला मिळाला. तिसऱ्या दुपारी काटा चढला, दांडी ओढली, आणि पाच ठोके, गप्प, आणि सहावा! धाकूकाकांनी इंजिनावर हात ठेवला तो ते तापून चटका बसेपर्यंत उचलला नाही. शेठ दारात उभे होते. ते शिव्या देत नव्हते, तेव्हाच मला कळलं. शेजारी तेलाचा कारखाना आला तशी इलेक्ट्रिकची लाइन दारात येऊन उभी होतीच. शेठ सहा महिने चालढकल करत होते. माझ्या भोंग्याने त्यांचा निर्णय झाला. मोटर बसणार, इंजिन परत भंगारात. मला मात्र कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

तर मामा, लिहिण्याचं कारण एवढंच. इंजिन अजून आठ दिवस आहे. तुम्ही आगबोट धरून या, एकदा हात लावून जा, धाकूकाकांना भेटा. छत्रीचा विषय तेव्हाच काढू. मामींना नमस्कार, गाईला थोपटा.

तुमचा (अजून धरत असाल तर) भाचा,
सहदेव

ता. क. पत्र खिशातच राहिलं, आज चोवीस तारीख. इंजिन ठरल्याच्या आधीच, काल नेलं. बारा माणसं आणि एक क्रेन लागली. शरच्चंद्रराव नंबर तपासायला वाकले तर धाकूकाका म्हणाले, ‘‘ऱ्हवांदे रे. ह्या आमचा नाय, माका पयल्या दिसापास्नं ठावक आसा.’’ शरच्चंद्रराव शिऱ्याचा डबा न उघडता घरी गेले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच जिंकले होते.

ता. क. दुसरं, आज तीस तारीख. मोटर एवढीशी आहे, घागरीएवढी. नुसती ‘ऊं’ करते. धाकूकाका खोपटाबाहेर येत नाहीत. मी भाकरी नेऊन ठेवतो, ती संध्याकाळी तशीच असते. काल दुपारी मी शेजारी जाऊन बसलो, तर म्हणाले, ‘‘तुझो मामा त्रिंकोमालीक इंजिनाच्या कुशीक निजायचो. तो इंजिनाकडसून घोरूक शिकलो काय इंजिन तेच्याकडसून, ह्या आमका कधी समाजला नाय.’’ मग भिंतीकडे तोंड केलं.

ता. क. तिसरं, आणि हेच खरं पत्र. वरचं नाही वाचलंत तरी चालेल. इंजिन बघायला म्हणून येऊ नका, बघायला काही उरलं नाही. भाऊच्या धक्क्यावर मी घ्यायला येतो. इथे आलात की कोणाशी काही बोलू नका, मला मारायचं असेल तर नंतर मारा. आधी दुपारी पोटभर जेवा आणि धाकूकाकांच्या खोपटात आडवे व्हा. दार मी लावून घेईन. आम्ही दोघं बाजूला बसू. पाच घोरणी होतील, मग तुम्ही गप्प व्हाल, तेव्हा घाबरणार नाही. मला सहाव्याची वाट बघायची सवय आहे.