सासऱ्यांची मोटार आणि माझा शांत स्वभाव

२ सप्टेंबर १९५६, रविवार
आजपासून राग बंद. कायमचा. तसा माझा स्वभाव मुळात शांतच. लोक डिवचतात.

भागीरथा उमरेडला माहेरी जाऊन बसली आहे, ती एका तांब्यावरून. तांब्या माझ्या हातून सुटला आणि तिच्या कपाळाला लागला. सुटलेली वस्तू कुठेतरी लागणारच. सासरे बाबनराव, लुगड्यांचे व्यापारी, म्हणतात की जवाईबुवाचं डोकं थंड झाल्याबिगर पोरगी धाडत नाही.

दुपारी निरोप आला. सासऱ्यांची मोटार नागपूरला येताना दिघोरीजवळ नालीत घसरली. पुढचा अ‍ॅक्सल गेला, माणसे सुखरूप. देवाची कृपा! ती मोटार मी उचलणार आणि ओढत, ओरखडा न येता, सीताबर्डीच्या वर्कशॉपला पोचवणार. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग चालला, पण मी मोटार पार्ट्सच्या दुकानात आहे. सासरे खूश होतील, भागीरथा गणपतीला घरी येईल.

दुकानाचे मालक म्हणाले, क्रेनची लॉरी बोलाव. मी शांतपणे नको म्हटले. काउंटरची काच आधीच तडकलेली असावी.

३ सप्टेंबर, सोमवार
मोटार पाहिली. नाक नालीत, शेपूट रस्त्यावर. राखणीला माझा साळा श्रावण. चांगला पोरगा, पण शंका फार काढतो.

प्लॅन सोपा. जॅकने नाक उचलायचे, पुढची चाके बैलबंडीवर चढवायची, बैलांनी ओढायचे. श्रावणला इंग्रजी मॅन्युअलातले नियम मोठ्याने वाचून दाखवले. मागच्या चाकांना दगड लावल्याशिवाय जॅक लावू नये. उचललेल्या गाडीखाली हातपाय घालू नयेत. ओढताना गाडीत माणूस बसवू नये. त्याने मान डोलावली. इम्प्रेस झाला.

बंडीवाला विश्वनाथ बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळत होता. उद्या सकाळी बैल पाहिजेत म्हटले. तर म्हणे, उद्या पोळा हाय, पोळ्याले कोणी बैल जुपते काय गा? कोष्ट्याच्या पोराले बैलातलं काय समजते, असेही पुटपुटला. मी समजुतीच्या सुरात बैलाची वेसण धरली आणि जरा ओढली. पुढचे नीट आठवत नाही. बैलाने एक दिली, विश्वनाथने बऱ्याच.

४ सप्टेंबर, पोळा
पालथा पडून लिहितो आहे. शेजारच्या सखूबाईंनी पाठीला हळद लावली. बैलांसाठी वाटलेली होती, उरली म्हणाल्या.

सासऱ्यांनी रदबदली केली, उद्या बंडी मिळणार. विश्वनाथचा निरोप: उद्या मारबत हाय, शहरातून नका येऊ, भायेरून या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत आणि बडग्यांचे पुतळे बोंबा मारत मिरवायचे, गावाची सगळी पीडा त्यांच्या माथी मारायची आणि शेवटी जाळून टाकायचे. शिकल्या-सवरल्या माणसाने त्यासाठी लांबचा फेरा कशाला घ्यावा?

उद्या कोणी काहीही बोलो, तोंडातून शब्द काढायचा नाही. हातपायांचे तर नावच नको.

५ सप्टेंबर, संध्याकाळ, इस्पितळ
डाव्या खांद्याचे हाड मोडले. उजवा हात शाबूत, म्हणून लिहितो.

सकाळी जॅक लावला. श्रावण म्हणाला, भाऊजी, चाकाले गोटे लावून घेऊ. मी म्हटले, वेळ जातो. नाक वर आले आणि जॅक अडकला. श्रावण पुन्हा म्हणाला, गोटे लावा नं. सारखे तेच तेच! माझ्या पायाचा जॅकला किंचित स्पर्श झाला. विश्वनाथ त्याला लाथ म्हणतो. गाडी मागे सरकली आणि नाक श्रावणच्या पावलावर आले. नियम क्रमांक दोन त्याला मी स्वतः वाचून दाखवला होता.

पोरगा फार ओरडत होता. जॅक पुन्हा लावून पाय काढला, नाक बंडीवर चढवले, त्याला मागच्या सीटवर घातले आणि मी स्टिअरिंगवर बसलो. गाडीत माणूस बसवू नये हा नियम जखमी माणसाला लागू नसावा. इस्पितळ इतवारीच्या पलीकडे, म्हणून सरळ शहरातून घेतले.

पुढे मारबतीची गर्दी. पोळ्याला रंगवलेले बैल, बंडीवर चिखलाने माखलेली मोटार, आत मी ताठ बसलेला आणि मागे बोंबलणारा श्रावण. लोकांना वाटले, यंदाचा बडग्या! टाळ्या पडल्या. एकाने टपावर काठी हाणली आणि ओरडला, रोगराई घेऊन जाय गे मारबत! सगळे हाणू लागले. सासऱ्यांची मोटार! मी उतरलो आणि अगदी नाइलाजाने पहिल्या काठीवाल्याच्या मुस्काटात दिली. मग मला मारायला रांग लागली नाही, सगळे एकदमच आले.

बैल उधळले, मोटार बंडीला बांधलेला दोर तुटला. श्रावणला कोणीतरी अलगद बाहेर काढले. मग त्या लोकांनी मोटार नुसत्या हातांनी उचलली, थेट खांद्यापर्यंत, चारही चाके एका लेव्हलला. इतके सुरेख लिफ्टिंग मी पाहिले नव्हते. तसे ओरडून सांगितलेही. त्यानंतर त्यांनी ती आपटली. मग पुन्हा उचलून आपटली.

६ सप्टेंबर, गुरुवार
दिवसभर शांत. कंपाउंडरशी झालेला प्रकार धरत नाही.

श्रावण समोरच्या खाटेवर, पाय प्लास्टरात. सासरे येऊन त्याला भेटून गेले. मोटारीबद्दल चकार शब्द काढला नाही, म्हणजे माफ केले असणार. उद्या भागीरथा भावाचा डबा घेऊन येणार आहे. काय बोलायचे ते पाठ केले.

७ सप्टेंबर, शुक्रवार
आली. श्रावणला आपल्या हाताने भरवले. बराच वेळ माझ्याकडे पाठ होती. कपाळावर खूण आहे अजून, बारीकशी.

जाताना माझ्या खाटेपाशी थांबली. म्हणाली, दुखून राहिलं का? स्वतःहून विचारले तिने. पाठ केलेले सगळे विसरलो. स्टूलकडे बोट करून नुसते बस म्हणावे म्हणून मी चांगला हात उचलला.

ती खाली वाकली. दोन्ही हातांनी डोके झाकून, डोळे मिटून. डबा पडला, वॉर्डातले सगळे वळून पाहू लागले. श्रावण प्लास्टरचा पाय ओढत खाटेवरून उतरला आणि आमच्या मध्ये येऊन उभा राहिला.

मी फक्त बस म्हणणार होतो. हात वरच राहिला होता, तो चादरीखाली घेतला.