सदऱ्याचं माप

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. रागावली असशील तर आधी रागावून घे, मग पुढे वाच. आमच्या केंद्राचा अहवाल वीस तारखेला छापायला जातोय. तू सगळ्यांना सांगतेस ना, की आमची धाकटी परक्या देशांतल्या लोकांची गाऱ्हाणी टाइप करते? तेच काम. मत मागितलं म्हणून जिथे माणसं आत टाकतात, तिथल्या घरच्यांचे जबाब आम्ही जमवतो, दोघी मिळून तपासतो, नावं काढतो आणि जगापुढे ठेवतो.

त्यातलं एक पान माझं फार लाडकं आहे. एका आईचं. निवडणुकीची पत्रकं वाटताना तिचा मुलगा सतराव्या वर्षी उचलला, त्याला तीन वर्षं झाली. भेट नाही. त्याच्यासाठी शिवलेला सदरा ती दर वाढदिवसाला उसवते आणि शेजारणीच्या त्याच वयाच्या मुलाचं माप घेऊन वाढवते. आमच्या संचालकबाई कौतुकात कंजूष, पण म्हणाल्या, अहवाल उघडावा तर या पानाने.

गुडघा शेकतेस ना? आहे तो लोभ वाढता ठेव.

तुझी,
मुंगी

१० मार्च

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मशीनवर ठेवून दोनदा वाचलं, गिऱ्हाइकाचं ब्लाउज तसंच राहिलं. आधी डोळ्यांत पाणी आलं आणि मग लगेच कागद-पेन घेतलं. अगं शहाणे, नाव काढलंस, पण बाई जशीच्या तशी दिसतेय! जिने पोराचं माप दिलं त्या शेजारणीला कळणार. मग तिच्या नवऱ्याला, जावेला, साऱ्या गल्लीला. त्यातल्या एकाने तोंड उघडलं तर मुलापाठोपाठ आईही आत.

तुम्ही दोघींनी तपासलंत ते कागदाशी ताडून. दोघींपैकी शिवता कुणाला येतं? तुला तर अजून बटण लावता येत नाही. फोनवर कामाचं बोलायचं नाही हा तुमचाच नियम, म्हणून हे जलद टपालाने पाठवतेय. पान काढ. माझ्यावर चिडलीस तरी चालेल, चार दिवसांनी माया कर.

तुझी,
ताई

१८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. चिडलेच. मग संचालकबाईंना दाखवलं. त्यांनी लगेच ते पान मागवून घेतलं. गाव, तारीख, वय, सगळं आम्ही पुसलं होतं. सदऱ्यावरून माणूस ओळखू येईल हे मनातच आलं नव्हतं. आता पानावर एवढंच उरलंय, की मुलगा आत आहे, भेट नाही, आई वाट पाहते. अगदी कोरडं. प्रूफ पाठवलं आणि जिन्यात बसून रडले.

तुझ्याकडून बटण लावायला शिकेन म्हणते. अशीच ओरडत राहा.

मुंगी

२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज त्या सदऱ्यावाल्या आईची बातमी आली. अहवाल घेऊन सरकारची माणसं त्या गल्लीत गेली होती. शेजारणीच्याच घरात बसून त्यांनी तिला ते पान वाचून दाखवलं आणि ही आई कोण, असं विचारलं. शेजारीण म्हणाली, इथे तर दर दुसऱ्या घरात एक आई वाट पाहतेय. समोर दोरीवर तो सदरा वाळत होता.

अहवालाचा गवगवा झाला म्हणून वकिलाला मुलाची दहा मिनिटं भेट मिळाली. आईने वकिलाला खटल्याचं काही विचारलं नाही. उंची किती, खांदा किती, एवढंच विचारलं. उंची वाढलीच नाही, ताई. अंगही झडलंय. या वर्षी तिने सदरा उसवला तो आत घ्यायला. जास्तीचं कापड कापून टाकू का, असं वकिलाला विचारत होती. त्याला काय कळणार? मलाही कळेना. तू सांग.

तुझी,
मुंगी

८ ऑगस्ट

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

कात्री लावू नको म्हणावं. कापड आत दुमडून मोठे मोठे टाके घालायचे, एका ओढीत निघतील असे. पोरगा घरचं जेवायला लागला की दोन महिन्यांत सगळं कापड लागेल.

निरोप आधी पोचव, मग मला लिही.

तुझी,
ताई