कव्हरखालची कॉन्टेसा

ती. बाबांस,

नोकरी सोडून मसल कारच्या, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या गाड्यांच्या, वेडावर सिनेमा काढते म्हटल्यावर तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. म्हणून ही कबुली लिहूनच देते. दसऱ्याला तुम्ही कव्हरवरूनच आपल्या बंद कॉन्टेसाला हार घातलात ना, त्या कव्हरखाली बांबूचा सांगाडा होता. गाडी मी कॅम्प दोन वस्तीतल्या एका गॅरेजात नेली होती. तिथल्या कैलास मिस्त्रींनी तिचं इंजिन जिवंत केलं आणि तीच आमची हिरॉईन झाली.

काल बदलापूरच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. पडद्यावर मी तिला घाटात घातली, ती गुरगुरली आणि हॉलभर शिट्ट्या वाजल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अगं राजू, सेकंड गिअर टाक!"

वर्षभरातलं तुमचं माझ्याशी ते पहिलं बोलणं. आता पत्र टाकत नाही, गाडी घेऊनच येते.

तुमची,
राजसी